जागेखाली डिझेल मुरलंय का? नाशिकच्या मातीत आणि खडकात शोध घेणाऱ्या नवख्यांसाठी

मे महिन्यातली दुपार होती. मुंबई-आग्रा महामार्गालगत एक जुनं ट्रान्सपोर्ट यार्ड, बरीच वर्षं बंद पडलेलं. जागा घेणाऱ्याला तिथे तळघरासह दुकानांची इमारत उभी करायची होती. पायाच्या बोअरमधून निघालेली कोअरची, म्हणजे खडकाच्या गोल कांड्यांची, पेटी उघडली तर डिझेलचा वास आला, म्हणून त्याने आम्हाला बोलावलं. काळी माती उन्हाने तडकली होती. एका भेगेत मनगटापर्यंत हात जात होता, आणि भेगेच्या एका कडेला वीतभर पट्टा बाकी मातीपेक्षा काळा, किंचित चमकणारा दिसत होता. तेल कुठून आणि कसं खाली गेलं, ते त्या भेगेनेच सांगितलं.

पर्यावरण सल्लागाराकडे नुकतेच कामाला लागलेले, भूशास्त्राची पदवी घेऊन पहिल्यांदा साइटवर येणारे, किंवा जुन्या पंपाची, गॅरेजची, कारखान्याची जागा विकत घ्यायच्या विचारात असलेले, अशांसाठी हे लिहितोय. पुस्तकातली पद्धत बहुतेक वाळू आणि गाळाच्या जमिनीवर बेतलेली असते. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली बेसाल्ट. इंधन इथे पुस्तकातल्या आकृतीसारखं पसरत नाही, फटीफटीने जातं. म्हणून यंत्र बोलवण्याआधी जागा, माणसं आणि पाणी वाचता आलं पाहिजे.

आधी कागद आणि माणसं

पहिला आठवडा जमिनीला हात लावू नका. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, एमआयडीसीचा भूखंड असेल तर भाडेपट्टा आणि मंजूर नकाशा हे सगळं गोळा करा. जागेवर पेट्रोल-डिझेलचा साठा होता असा संशय असेल तर साठवणुकीचा परवाना मागा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याखाली आणि २००२ च्या नियमांखाली हे परवाने दिले जातात आणि ते देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचं (पेसो) मुख्यालय नागपूरला आहे. परवान्यासोबतचा मंजूर आराखडा हातात आला की निम्मं काम झालं: टाक्या किती, कुठे, केवढ्या, पाइप कोणत्या बाजूने गेले, हे त्यावर काढलेलं असतं. गूगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रं एकेक करून पाहा. कोणत्या वर्षी शेड आली, कुठे गाड्या उभ्या राहायच्या, कुठे जमीन काळवंडलेली दिसते, ते टिपून ठेवा.

कागदावर न आलेलं माणसांना माहीत असतं. त्या यार्डात कागदावर एकच टाकी होती. समोरच्या टपरीवर एक जुने मेकॅनिक बसायचे. चहा घेता घेता विचारलं, "काका, गाड्यांना डिझेल कुठून भरायचे?"

"ते काय, कडुनिंबाखालून. पण तुम्ही म्हणता ती नवी टाकी. आधीची पलीकडे होती, वॉशिंग रॅम्पपाशी. गळायला लागली म्हणून वाळू भरून बुजवली."

ही दुसरी टाकी आम्हाला कुठल्याच नकाशात सापडली नसती. म्हणून पहारेकरी, जुने ड्रायव्हर, टँकर खाली करणारे, शेजारचे दुकानदार अशा किमान चार-पाच जणांशी बोला. घाईत नाही, बसून बोला. आणि कोणाला दोष द्यायला आलोय असं वाटू देऊ नका.

तिथे काय काय साठवलं जायचं, तेही काळानुसार विचारा. शिसंयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं, म्हणजे त्याआधीच्या पंपाच्या मातीत शिसंही तपासावं लागतं. अलीकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं, आणि जमिनीतले जिवाणू आधी ते खातात, त्यामुळे पेट्रोलमधल्या बेंझिन या विषारी घटकाचं विघटन मागे पडतं आणि ते जास्त लांब जाऊ शकतं. गॅरेज असेल तर वापरलेलं ऑइल आणि पार्ट धुण्याचं केरोसिन विसरू नका.

पंप चालू असेल तर रोजच्या डिपची वही मागा. डिपस्टिकने मोजलेला साठा, टँकरने उतरवलेला माल आणि नोझलमधून विकलेला माल यांचा मेळ बसतो का ते पाहायचं. रोज थोडाफार फरक पडणारच: पेट्रोल तापमानाने फुगतं-आकसतं, १०,००० लिटरमध्ये एका अंशाला सुमारे १० लिटर. तो फरक कधी जास्त, कधी कमी असा दिसतो. पण महिनोन्महिने एकाच बाजूने घट दिसत असेल तर तिथे थांबा. डिपस्टिकच्या टोकाला लावायच्या पेस्टचा रंग सारखा बदलत असेल, म्हणजे टाकीत पाणी शिरत असेल, तर तेही लक्षात घ्या. ज्या वाटेने पाणी आत येतं, त्या वाटेने पावसाळा संपल्यावर इंधन बाहेर जाऊ शकतं.

जागेवर फेरी

सकाळी लवकर जा, ऊन तापायच्या आत. टँकर खाली करायची तोंडं, डिस्पेन्सरखालचे खड्डे, व्हेंट पाइप, वॉशिंग रॅम्प, तेल-पाणी वेगळं करणारी टाकी, आणि तिथून निघणारी नाली जिथे संपते ती जागा, एवढं नीट बघा. माझ्या अनुभवात टाकीच्या पोटापेक्षा पाइपचे जोड आणि टँकरची तोंडं जास्त दगा देतात. यालाही आपली माती कारण आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यात पुरलेला पाइप दरवर्षी थोडा वर-खाली ओढला जातो. जोड सैल व्हायला तेवढं पुरतं.

मग आजूबाजूच्या २००-३०० मीटरमधल्या सगळ्या विहिरी आणि बोअर नोंदवा: कोणाची, किती खोल, पाणी कशाला वापरतात. शेजारी पिण्यासाठी पाणी घेत असेल तर ती गोष्ट तुमच्या अहवालात पहिल्या पानावर हवी.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला म्हणजे तेलच असं नाही. लोहजिवाणूंमुळेही तसाच पातळ पापुद्रा येतो. काडीने ढवळून बघा. पापुद्रा काचेसारखा तुकड्या-तुकड्यांत फुटला आणि तसाच राहिला तर जिवाणूंचा. क्षणात पुन्हा एकत्र आला तर तेलाचा.

बोअरच्या पाण्याला वास नाही म्हणून निश्चिंतही होऊ नका. समजा बोअर ६० मीटर खोल आहे, पाण्याची पातळी ८ मीटरवर आणि सबमर्सिबल पंप ५० मीटरवर. पंप खालचं पाणी ओढतो, आणि इंधन असेल तर ते वर ८ मीटरवर तरंगत राहतं. नळाला स्वच्छ पाणी आणि बोअरमध्ये डिझेलचा थर, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

जमिनीची रचना

आपल्या पायाखालचे लाव्हाचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. वरून खाली साधारण असा क्रम लागतो: काळी माती, मग मुरूम, मग सडका खडक, मग काळा फत्तर, आणि मध्येच वायूच्या पोकळ्यांचा, पांढऱ्या खनिजांनी भरलेला थर, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कधी लाल मातीचा पट्टा येतो. गोदावरीच्या, नासर्डीच्या काठी गाळ असतो. भराव टाकलेल्या भूखंडांवर तर वरचे दोन-तीन मीटर कुठून आणलेले असतात ते देवच जाणे. म्हणून प्रत्येक साइटचा क्रम वेगळा लिहा, शेजारच्या साइटचा उचलू नका.

पाणी बहुतेक मुरमात, सडक्या खडकात आणि फत्तराच्या फटींत असतं. लाल पट्टा पाणी अडवतो, आणि त्याच्या माथ्यावरून पाणी आडवं सरकतं. इंधनही तेच करतं.

पेट्रोलची घनता सुमारे ०.७४, डिझेलची ०.८४. दोन्ही पाण्यावर तरंगतात. सांडलेलं इंधन आधी मातीतून खाली उतरतं. उन्हाळ्यात भेगा उघड्या असतात, तेव्हा ते मातीला फारसं न भिजवता थेट मुरमापर्यंत पोचतं, आणि वरची माती तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही. पावसाळ्यात माती फुगून भेगा मिटतात, मग वाफ वर येऊ शकत नाही आणि बाजूला सरकते, शेजारच्या तळघरात किंवा गटारात निघते.

पाण्याच्या पातळीला पोचल्यावर इंधन तिथे पसरतं. आपल्याकडे मे आणि ऑक्टोबर यांच्यात पातळी काही मीटर वर-खाली होते. पातळी उतरते तसं इंधनही उतरतं आणि वाटेतल्या फटींना चोपडत जातं. पातळी चढली की त्यातलं बरंचसं पाण्याखाली अडकून पडतं. त्यामुळे जमिनीत एक जाड, डागाळलेला पट्टा तयार होतो, आणि खरा साठा त्या पट्ट्यात असतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जिल्हा कार्यालयातून जवळच्या विहिरींच्या नोंदी मिळवा. किती खोल जायचं आणि जाळीचा पाइप कुठे बसवायचा, याचा अंदाज त्यातून येतो.

भोकं कुठे पाडायची

नवखा माणूस नकाशावर चौकटी आखतो आणि प्रत्येक चौकटीत एक बोअर घेतो. पैसे संपतात आणि टाकीच्या कडेची जागा तशीच राहते. संशयाच्या जागेपासून सुरू करा: जुन्या टाकीच्या चारही बाजू, टँकरचं तोंड, पाइपचे वळसे, वॉशिंग रॅम्पचा शेवट. एक बोअर पाण्याच्या वरच्या अंगाला, जिथे इंधन पोचायचं कारण नाही अशा ठिकाणी. बाकीचे पाण्याच्या खालच्या अंगाला आणि शेजाऱ्याच्या विहिरीच्या दिशेने.

खालचं अंग कोणतं ते ठरवायला किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात, त्याही एका रेषेत नकोत. प्रत्येक पाइपच्या तोंडाची उंची ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) सेंटिमीटरपर्यंत काढा. साइटवरच्या एखाद्या पक्क्या ठिकाणाला १०० मीटर धरलं तरी चालतं. त्यातून पाण्याची खोली वजा केली की पाण्याची उंची मिळते. समजा अ विहिरीत ९६.४० आली, ब मध्ये ९५.९० आणि क मध्ये ९५.६०, आणि अ ते क अंतर ४८ मीटर आहे. अ ते क उतार ८० सेंटिमीटरचा. त्यातले ५० सेंटिमीटर उतरल्यावर ९५.९० येतं, म्हणजे अ पासून ३० मीटरवर. तो बिंदू आणि ब यांना जोडा. या रेषेवर पाणी सारख्या उंचीला आहे. तिला काटकोनात, क च्या बाजूला पाणी सरकतं.

खडकात मात्र ही दिशा कल म्हणून घ्या, निकाल म्हणून नको. फट भलत्याच दिशेला असेल तर इंधन तिच्यातून जातं. जवळच्या विहिरीच्या भिंतीत किंवा रस्त्याच्या कटिंगमध्ये फटी दिसत असतील तर होकायंत्राने त्यांची दिशा मोजून नकाशावर काढा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. माझ्या मते नाशिकमधल्या अशा तपासणीत याच्याइतका कामाचा अर्धा दिवस दुसरा नाही.

खोदकाम

पहिले १.२ मीटर हाताने खोदा. खाली वीज केबल, पाण्याची लाइन, गॅसची पाइपलाइन, किंवा टाकीचाच पाइप असू शकतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते आणि हवेत तिचं प्रमाण सुमारे १.४ टक्क्यांवर गेलं की ठिणगीने पेट घेते. ज्वलनशील वायूचा मीटर सतत चालू ठेवा आणि त्याने पेटण्याच्या किमान मर्यादेच्या १० टक्के दाखवले की काम थांबवा. मोबाइल, विडी, ग्राइंडर, सगळं लांब. आणि खड्ड्यात किंवा जुन्या विहिरीत कोणीही उतरायचं नाही, दोर बांधूनसुद्धा नाही. तळाशी साचलेली वाफ माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. मजूर "मी उतरतो साहेब, मला सवय आहे" म्हणतील. त्यांना अडवणं ही तुमची जबाबदारी.

काळ्या मातीत हातऑगर, म्हणजे हाताने फिरवायचा गिरमिट, चालतो. मुरमात यंत्राचा ऑगर जाईल तिथपर्यंत. पुढे खडकात आपल्याकडे हॅमरची रिग सहज मिळते. ती विहिरीसाठी ठीक आहे, पण तिच्या चुऱ्यातून मातीचा किंवा खडकाचा नमुना घेऊ नका. कॉम्प्रेसरची हवा हलके घटक उडवून लावते, शिवाय कॉम्प्रेसरचं तेल भोकात जाऊ शकतं. खडकाचं चित्र हवं असेल तर कोअर काढा. कोअरच्या फटींत तेलाचा डाग, रंग, गंज काय दिसतं ते खोलीसह लिहा, त्याच दिवशी फोटो काढा.

लाल पट्ट्यापर्यंत पोचलात तर आरपार जाऊ नका. वरचं इंधन खालच्या स्वच्छ थरात उतरायला तुम्हीच रस्ता करून द्याल. खाली जाणं अगदी आवश्यक असेल तर वरचा भाग केसिंग आणि सिमेंटने बंद करून मगच.

निरीक्षण विहिरीला ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप पुरतो. जाळीचा भाग पाण्याच्या पातळीच्या वर-खाली दोन्हीकडे यायला हवा, ऑक्टोबरच्या उंच पातळीलाही वर उरेल इतका. जाळी पाण्याखाली बुडाली तर तरंगणारं इंधन पाइपमध्ये शिरणारच नाही आणि तुम्ही "आढळलं नाही" असं लिहून मोकळे व्हाल. जाळीभोवती धुतलेली बारीक खडी, तिच्यावर बेंटोनाइटचा (पाण्याने फुगून फट बंद करणाऱ्या मातीचा) थर, मग जमिनीपर्यंत सिमेंट, आणि तोंडाला कुलूपबंद टोपण.

पाइपचे जोड आट्यांचेच घ्या. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका कामात ठेकेदाराकडे आट्यांचा पाइप नव्हता, संध्याकाळ झाली होती, आणि मी सॉल्व्हंट सिमेंटने जोड चिकटवायला होकार दिला. निकालात टोल्युइन आलं, तेही वरच्या अंगाच्या स्वच्छ विहिरीत. चिकटवायच्या त्या द्रावणातूनच ते उतरलं होतं. तीन विहिरी नव्याने कराव्या लागल्या आणि मालकाला कारण सांगताना मान खाली गेली.

मातीचा नमुना

पीआयडी नावाचं हातात धरायचं यंत्र जमिनीतल्या वाफांचा अंदाज देतं. १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा दिवा असलेलं घ्या, त्याला बेंझिन दिसतं. रोज सकाळी १०० पीपीएम आयसोब्युटिलीनने जुळवून घ्या. झिप पिशवी निम्मी मातीने भरा, बंद करा, दहा मिनिटं सावलीत ठेवा, हलवा, आणि कोपऱ्यातून नळी आत घालून आकडा वाचा. हा आकडा तुलनेसाठी: कोणत्या खोलीवर जास्त, कोणत्या भोकात जास्त. अहवालात त्याला प्रयोगशाळेचा निकाल म्हणून वापरू नका. पावसाळ्यात दमट हवेने यंत्र फसतं. डिझेलला ते पेट्रोलइतकं तीव्रतेने ओळखत नाही, म्हणून डोळ्यांनी दिसणारा डागही तितकाच महत्त्वाचा.

नमुना नाकाला लावून हुंगायचा नाही. जुने लोक हुंगून सांगायचे, मीही हुंगलंय. बेंझिनने कर्करोग होतो हे पक्कं ठरलेलं आहे.

प्रत्येक भोकातून साधारण तीन नमुने पाठवावेत: पीआयडीचा आकडा सर्वांत मोठा आला ती खोली, पाण्याच्या पातळीच्या लगेच वरची, आणि खालची स्वच्छ वाटणारी. पीआयडीच्या पिशवीतली माती प्रयोगशाळेला देऊ नका, तिच्यातून वाफ गेलेली असते. हलक्या घटकांचा नमुना सर्वांत आधी घ्यायचा, माती न कालवता, न चाळता, शक्यतो मिथेनॉल घातलेल्या काचेच्या कुपीत. तशी कुपी नसेल तर लहान काचेची बरणी काठोकाठ दाबून भरा.

पाण्याचा नमुना

विहीर झाल्यावर ती उपसून गढूळपणा घालवा आणि आठवडाभर बसू द्या. मग आधी इंटरफेस प्रोब सोडा. इंधन लागलं की त्याचा आवाज एक, पाणी लागलं की दुसरा. दोन खोल्यांमधला फरक म्हणजे पाइपमधल्या इंधनाची जाडी. त्या यार्डात जुन्या टाकीजवळच्या विहिरीत ही जाडी ३८ सेंटिमीटर भरली. पारदर्शक बेलर (दोरीने सोडायची नमुन्याची नळी) हळू सोडला आणि वर काढला: खाली स्वच्छ पाणी, वर चहासारखं तपकिरी डिझेल, आणि मधली रेघ चाकूने कापल्यासारखी. तिथे उभ्या असलेल्या मालकाला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

पाइपमधली जाडी म्हणजे जमिनीतली जाडी नव्हे. पाइपमध्ये ती बहुधा फुगलेली दिसते. शिवाय इंधनाच्या भाराने पाणी खाली दाबलं जातं. म्हणून पाण्याची खरी उंची काढताना जाडी गुणिले घनता एवढं मिळवायचं: ३८ गुणिले ०.८४, म्हणजे सुमारे ३२ सेंटिमीटर. हे विसरलात तर वर काढलेली दिशा चुकते. ज्या विहिरीत इंधन तरंगतंय तिथून विरघळलेल्या घटकांचा नमुना घेऊ नका. एक थेंब मिसळला तरी आकडा निरर्थक होतो.

बाकीच्या विहिरींत साचलेलं पाणी काढून मगच नमुना. ५० मिलिमीटरच्या पाइपमध्ये मीटरला सुमारे २ लिटर पाणी असतं, त्यामुळे तीन पट उपसणं सोपं. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरला २१ लिटर, म्हणजे ४० मीटर पाणी तीनदा उपसायला अडीच हजार लिटर काढावे लागतात. तेवढ्यात लांबचं पाणी ओढलं जातं आणि निकाल पातळ होतो. त्याहून बरी पद्धत मंद पंपाची: मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर, पातळी फारशी न उतरवता, पीएच आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत.

हलक्या घटकांसाठी ४० मिलिलिटरच्या कुप्या येतात, आत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या. धार कडेवरून सोडा, पाणी तोंडावर फुगून येऊ द्या, झाकण लावा, कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर ती कुपी टाकून दुसरी भरा. जड घटकांसाठी तपकिरी काचेची लिटरची बाटली. प्लॅस्टिकची बाटली चालत नाही, इंधनाचे घटक तिला चिकटतात. मिनरल वॉटरच्या बाटलीतून आलेले नमुने मी पाहिलेत, त्यांवर खर्च केलेला प्रत्येक रुपया वाया जातो.

सगळं बर्फाच्या पेटीत, ४ अंशांच्या आसपास. आम्ल घातलेल्या कुप्यांची चाचणी १४ दिवसांत व्हायला हवी. दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच जागेचा दुसरा नमुना), आणि पेटीत प्रयोगशाळेतून भरून आलेली शुद्ध पाण्याची एक कुपी, जी न उघडता परत जाते. प्रवासात काही मिसळलं असेल तर तीच सांगते. नमुना कोणी घेतला, कोणाच्या हाती दिला, किती वाजता, हा कागद पेटीसोबत जाऊ द्या. पुढे वाद झाला तर याच कागदावर सगळं ठरतं.

प्रयोगशाळा आणि आकडे

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढं विचारून थांबू नका. मान्यतेच्या यादीत माती आणि पाणी या दोन्हींसाठी एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन आणि बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलीन हे चौघे आहेत का ते बघा. डिझेल किंवा वापरलेलं ऑइल असेल तर नॅफ्थालीन आणि त्याच्या कुळातले घटकही मागा. बऱ्याचदा दरपत्रकात नुसती "तेल व ग्रीस" चाचणी येते. ती इथे उपयोगाची नाही. तिच्यात द्रावक तापवून उडवतात, त्याबरोबर पेट्रोल उडून जातं, आणि खानावळीच्या सांडपाण्यातली चरबी मात्र मोजली जाते.

शोधमर्यादाही आधी विचारा. पिण्याच्या पाण्यातल्या बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. प्रयोगशाळेला ५० च्या खालचं दिसतच नसेल, तर "आढळलं नाही" या शब्दांना अर्थ राहत नाही.

माती आणि भूजलासाठी आपल्याकडे सल्लागार बहुधा डच मूल्यं, म्हणजे नेदरलँड्सने ठरवलेल्या मर्यादा, वापरतात: खनिज तेल मातीत किलोला ५,००० मिलिग्रॅम, भूजलात लिटरला ६०० मायक्रोग्रॅम, बेंझिन भूजलात ३०. यात एक फसगत आहे. मातीचं ते ५,००० हे १० टक्के सेंद्रिय अंश असलेल्या मातीसाठी आहे. आपल्या मातीत सेंद्रिय अंश त्याहून फार कमी, आणि डच नियमानेच २ टक्के किंवा त्याहून कमी अंशाच्या मातीला हे मूल्य १,००० वर येतं. ३,००० आलेल्या नमुन्याला "मर्यादेत" म्हणणारे अहवाल यामुळेच तयार होतात. मातीचा सेंद्रिय अंश मोजून घ्या, चाचणी स्वस्त आहे.

मग सगळे आकडे एका आडव्या छेदावर मांडा: थर, दोन्ही ऋतूंच्या पातळ्या, टाकी, विहिरी, शेजारी. इंधन कुठून निघालं, कोणत्या वाटेने गेलं, कोणापर्यंत पोचतं, हे त्या चित्रात दिसलं पाहिजे. एखादा आकडा चित्रात बसत नसेल तर त्याला वगळू नका, तिथे आणखी एक भोक पाडा. तळघर होणार असेल तर तेही चित्रात काढा. बांधकामासाठी पाणी उपसायला लागलात की सगळं इंधन त्या खड्ड्याकडे ओढलं जातं.

कळवायचं कोणाला

काही सापडलं तर मालकाला लेखी कळवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला कळवण्याचा सल्ला त्याच पत्रात द्या. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम जुलै २०२५ मध्ये आले. संशयित जागेची प्राथमिक तपासणी, मग सविस्तर तपासणी, मग जबाबदार कोण ते ठरवणं आणि सफाई, असा क्रम त्यांत घालून दिलाय. खोदलेली तेलकट माती, उपसलेलं पाणी, टाकीतला गाळ झाकणबंद पिंपात, नाव-तारीख लिहून ठेवा. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत केंद्रातच जायला हवं. रांजणगावला आणि तळोज्याला अशी केंद्रं आहेत. नाल्यात किंवा भरावात नाही.

ऑक्टोबरात पुन्हा

एका फेरीवर अहवाल लिहू नका. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही हवेत.

त्या यार्डात आम्ही दिवाळीच्या आधी परत गेलो. भेगा मिटल्या होत्या, गवत गुडघाभर. ज्या विहिरीत ३८ सेंटिमीटर डिझेल होतं तिथे प्रोबने ४ दाखवले. जागा घेणारे शेजारीच उभे होते. "म्हणजे पावसाने धुऊन निघालं की!" पाणी साडेतीन मीटर चढलं होतं, आणि उरलेलं डिझेल त्याच्याखाली फटींत अडकलेलं होतं. आडव्या छेदावर दोन्ही पातळ्या काढून दाखवल्यावर त्यांनी तळघराचा विषय तूर्त बाजूला ठेवला.

जमिनीचा उतार पूर्वेला नाल्याकडे, म्हणून मे महिन्यात आमचं लक्ष तिकडेच होतं. पूर्वेच्या दोन्ही विहिरी मात्र दोन्ही वेळा स्वच्छ आल्या. कटिंगमध्ये मोजलेल्या फटी वायव्येकडे जात होत्या, आणि त्या रेषेत ७० मीटरवर एका रोपवाटिकेची जुनी विहीर होती. तिच्या पाण्यात डिझेलचे घटक सापडले. रोपवाटिकेच्या मावशी त्याच विहिरीचं पाणी माठात भरायच्या. निकाल आला त्या संध्याकाळीच आम्ही त्यांच्याकडे गेलो, माठ रिकामा करायला सांगितला, विहिरीवर पाटी लावली, आणि नळजोडणी होईपर्यंत यार्डाच्या मालकाने रोज पिण्याच्या पाण्याचे जार पोचवायचे असं त्याच्याकडून लिहून घेतलं.